मूल दुसऱ्याचे, जबाबदारी आपली

भाचा, पुतणी, नातवंड किंवा मित्राचे मूल सोबत घेऊन परदेशी जाताना कोणती कागदपत्रे लागतात आणि ती का लागतात, याचा हा आढावा.

मे महिन्याची सुटी आणि मामाचे गाव हे समीकरण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आता अनेक घरांतला मामा लंडनला, टोरांटोला किंवा फ्रँकफर्टला असतो. भाच्याला तिकडे पोहोचविण्याची जबाबदारी आजी-आजोबांवर, मावशीवर किंवा योगायोगाने त्याच सुमारास निघालेल्या काकांवर येऊन पडते. आई-वडिलांना रजा नसते, धाकटे भावंड अगदी लहान असते किंवा सगळ्यांच्या तिकिटांचा खर्च पेलवत नाही. मग 'तुम्ही जाताच आहात, तर हिलाही घेऊन जा' एवढ्या एका वाक्यावर बेत ठरतो. एसटीने कोल्हापूरला किंवा रेल्वेने रत्नागिरीला जायचे असते, तर एवढे वाक्य पुरेसेही ठरले असते.

आंतरराष्ट्रीय सीमेवर मात्र हे वाक्य कोणाला ऐकू येत नाही. तिथे बसलेल्या अधिकाऱ्यासमोर दोन पासपोर्ट असतात, एक प्रौढाचा आणि एक बालकाचा. त्या दोघांमधले नाते, त्या प्रवासाला आई-वडिलांनी दिलेला होकार आणि मूल परत येणार असल्याची खात्री, यांपैकी काहीही त्या पासपोर्टांवर लिहिलेले नसते. अनेक प्रवासी कोणतीही चौकशी न होता जाऊन येतात, हे खरे. परंतु ज्यांना थांबविले जाते त्यांचे विमान चुकते, मूल घाबरते आणि कित्येकदा व्हिसाच नाकारला जातो. हे सारे टाळण्यासाठी लागणारी तयारी फार मोठी नाही. ती वेळेवर आणि नेमकी करावी लागते, इतकेच.

प्रश्न का विचारले जातात?

या चौकशीमागे दोन चिंता आहेत. पहिली मानवी तस्करीची. संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर २००० मध्ये स्वीकारलेल्या, पालेर्मो शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मसुद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे. शोषणाच्या हेतूने बालकाला हलविले गेले, तर त्या बालकाची 'संमती' होती हा बचाव तिथे चालत नाही. म्हणूनच आई-वडिलांशिवाय प्रवास करणारे मूल दिसले, की सीमेवरील यंत्रणा अधिक सावध होते.

दुसरी चिंता घरातलीच आहे. पती-पत्नींमध्ये बेबनाव झाला, की त्यांतील एकाने मुलाला घेऊन दुसऱ्या देशात निघून जायचे आणि परत यायचेच नाही, असे प्रकार जगभर घडतात. त्यांना आळा घालण्यासाठी २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो १ डिसेंबर १९८३ पासून अमलात आला. १६ वर्षांखालील मुलाला त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशातून बेकायदा हलविले गेले, तर त्याला शक्य तितक्या लवकर तिथे परत पाठवावे आणि ताब्याचा वाद तिथल्या न्यायालयाने सोडवावा, असे या कराराचे सूत्र आहे. शंभराहून अधिक देश त्यात सहभागी आहेत.

भारत त्यात नाही. विधी आयोगाने २००९ मधील २१८ व्या अहवालात भारताने सहभागी व्हावे अशी शिफारस केली होती. २०१६ मधील २६३ व्या अहवालातही या विषयावरील विधेयकाचा विचार झाला. तथापि परदेशात कौटुंबिक अत्याचार सोसून मुलासह माहेरी परतलेल्या स्त्रियांवर हा करार अन्याय करील, असा गंभीर आक्षेप आपल्याकडे घेण्यात आला आणि तो निराधार म्हणता येणार नाही. या वादात कोणाची बाजू बरोबर, हा वेगळा विषय. प्रवाशाच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा, की परदेशातून भारतात नेलेले मूल परत आणणे कठीण असते, हे तिथल्या यंत्रणांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वार्षिक अहवालांत या संदर्भात भारतावर वेळोवेळी बोट ठेवले आहे. त्यामुळे भारतात येणाऱ्या आणि भारतातून जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत कागदपत्रे चोख असणे अधिकच गरजेचे ठरते.

नाते नावात दिसत नाही

मराठी नावांची रचना येथे एक खास अडचण उभी करते. मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा आपल्या परंपरेत वडिलांशी असलेले नाते नावातूनच कळते. आईचे नाव त्यात कुठेही नसते. मावशी, मामा आणि आईचे आई-वडील यांची आडनावे वेगळी. आत्याचे आडनाव लग्नानंतर बहुधा बदललेले. म्हणजे मुलाला सुटीत ज्यांच्याकडे सोपविले जाते, त्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसांचे नाते नावावरून सिद्धच होत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. मात्र आज शाळेत जाणारी बहुतेक मुले त्याआधीची आहेत.

भाषेचीही गंमत आहे. मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघींसाठी इंग्रजीत एकच शब्द. चुलतभाऊ आपल्याकडे भाऊच असतो, पण कागदावर तो भाऊ नसतो. कित्येक घरांत नातू आजीलाच 'आई' म्हणतो आणि काकूला 'मोठी आई'. अधिकाऱ्याने 'या तुझ्या कोण?' असे विचारल्यावर सहा वर्षांचे मूल निरागसपणे 'आई' म्हणते आणि पासपोर्टवरच्या आईचे नाव तर वेगळेच निघते. त्या मुलाने खोटे सांगितलेले नसते, तरीही संशयाला जागा मिळते. म्हणून प्रवासाच्या कागदपत्रांत नाते 'आईची सख्खी धाकटी बहीण', 'वडिलांचे वडील' असे उलगडून इंग्रजीत लिहावे आणि त्याचा पुरावा जवळ ठेवावा. मावशी आणि आई यांच्या वडिलांचे नाव एकच आहे, हे दाखविणारे दोघींचे जन्मदाखले किंवा जुन्या पासपोर्टांच्या शेवटच्या पानाच्या प्रती, हा अशा वेळी सोपा पुरावा असतो.

मुलाच्या जन्मदाखल्याकडेही आधीच लक्ष द्यावे. आपल्याकडे जन्माची नोंद रुग्णालयातून बारशाआधीच होते. त्यामुळे अनेक दाखल्यांवर आई-वडिलांची नावे असतात, पण मुलाच्या नावाची जागा रिकामी असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार असे नाव नंतर दाखल करता येते. पहिल्या १२ महिन्यांत त्यासाठी शुल्क नसते, त्यानंतर शुल्क भरून ठरावीक मुदतीपर्यंत ते करता येते. प्रवासाच्या आठवड्यात हे काम निघाले, तर महापालिकेच्या खेटा चुकत नाहीत.

संमती देण्याचा अधिकार कोणाचा?

सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापाशी 'अ. पा. क.' ही अक्षरे असतात. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे सज्ञान होईपर्यंत त्याच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती. परदेशप्रवासाला संमती कोणी द्यायची, हा प्रश्नही याच व्यक्तीपाशी येऊन थांबतो.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार आई-वडील हेच मुलाचे नैसर्गिक पालक असतात. त्या कलमातील 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' या शब्दांचा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतरच आई' असा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले. याच कायद्यात सावत्र आई किंवा सावत्र वडील नैसर्गिक पालक मानलेले नाहीत. आजी-आजोबा, काका आणि मामा यांचाही त्यात समावेश नाही. मूल जन्मापासून आजीच्या कुशीत वाढलेले असले, तरी केवळ त्या आधारावर आजी त्याची कायदेशीर पालक होत नाही.

याची दुसरी बाजू फौजदारी कायद्यात दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार कायदेशीर पालकाच्या संमतीविना बालकाला त्याच्या ताब्यातून नेणे, तसेच अधिकृत व्यक्तीच्या संमतीविना त्याला भारताबाहेर नेणे, हे अपहरण ठरते. त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हौसेने भाच्याला सिंगापूर दाखवायला नेणाऱ्या मामाच्या मनात असा विचारही नसतो. परंतु पुढे कुटुंबात वाद उपस्थित झाला, तर लेखी संमती हीच त्याची ढाल असते.

आई-वडिलांपैकी एकजण हयात नसेल, तर मृत्युदाखल्याची प्रत जोडावी. घटस्फोट झाला असेल, तर ताब्याविषयीचा न्यायालयाचा आदेश काळजीपूर्वक वाचावा. मुलाला देशाबाहेर नेण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घेण्याची अट अशा आदेशांत असू शकते. सर्वांत नाजूक परिस्थिती असते ती आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांची. अशी मुले काका किंवा आजोबा सांभाळतात, शाळेच्या दाखल्यावरही त्यांचेच नाव पालक म्हणून असते, आणि त्यापलीकडे कोणी काही केलेले नसते. या नात्याला कायद्याचे रूप द्यायचे, तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली न्यायालयातून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. भावाने आपले मूल दुसऱ्या निपुत्रिक भावाला तोंडी 'दिले', पण दत्तकविधानाची कोणतीही नोंद नाही, अशीही घरे आहेत. तिथेही व्हिसाच्या अर्जावर आई-वडील म्हणून जन्मदाखल्यावरचीच नावे लिहावी लागतात. न्यायालयाच्या कामाला वेळ लागतो. म्हणून तिकिटांचा विचार त्यानंतरच करावा.

संमतिपत्रात काय असावे?

प्रवासाचा कणा म्हणजे आई-वडिलांचे संमतिपत्र. ते इंग्रजीत असावे, दोघांच्याही सह्यांचे असावे आणि नोटरीसमोर केलेले असावे. अनेक देशांत ते कायद्याने सक्तीचे नाही, तरीही जवळ असावे, असा सल्ला तिथल्या शासकीय यंत्रणाच देतात. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

• मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि पासपोर्ट क्रमांक
• आई व वडील यांची नावे, पत्ता, दूरध्वनी, ई-मेल आणि पासपोर्ट किंवा अन्य ओळखपत्राचा क्रमांक
• सोबत जाणाऱ्या व्यक्तीचे नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मुलाशी नेमके नाते
• कोणकोणत्या देशांत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या कारणासाठी प्रवास आहे
• मुक्कामाचा पत्ता आणि तिथल्या यजमानाचे नाव
• परतीची तारीख आणि खर्च कोण करणार याचा उल्लेख
• आजारपणात उपचारांना संमती देण्याचा अधिकार सोबतच्या व्यक्तीला दिल्याचे स्वतंत्र वाक्य

संमतिपत्रासोबत मुलाचा जन्मदाखला आणि आई-वडिलांच्या पासपोर्टांच्या प्रती जोडाव्यात. संमतीवरची सही त्या प्रतींवरच्या सहीशी जुळली पाहिजे. 'केव्हाही, कोठेही नेण्यास हरकत नाही' अशा मोघम संमतीवर विश्वास बसत नाही. प्रत्येक प्रवासासाठी नवे, ताज्या तारखेचे पत्र करावे. मार्गात विमान बदलण्यासाठी ज्या देशात उतरायचे, त्याचाही उल्लेख असलेला बरा.

आई किंवा वडील नोकरीनिमित्त परदेशी असतील, तर तेथील भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून घेता येते. काही देश नोटरीच्या शिक्क्यावर न थांबता अपोस्टिल मागतात. एका देशातील दस्तऐवज दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठी १९६१ च्या हेग परिषदेने ठरविलेले हे प्रमाणपत्र. भारतात ती व्यवस्था २००५ पासून लागू आहे. नोटरी केलेल्या कागदाचे आधी राज्यपातळीवर साक्षांकन होते आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागते. यासाठी काही दिवस हाताशी ठेवावेत.

मुलाचा पासपोर्ट अद्याप काढलेला नसेल, तर त्याची संमती वेगळी असते. तिथे आई-वडिलांना पासपोर्ट कार्यालयाच्या ठरावीक नमुन्यात घोषणापत्र द्यावे लागते. १५ वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांचीच असते. घरातल्या मोठ्यांचे पासपोर्ट दहा वर्षांचे असल्याने मुलाच्या मुदतीकडे दुर्लक्ष होते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता केवळ जन्मदाखलाच चालतो.

देशोदेशीचे नियम

प्रत्येक देशाची पद्धत वेगळी आहे आणि नियम बदलत राहतात. म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहणे अपरिहार्य आहे. तरी काही ठळक उदाहरणांवरून या नियमांचे स्वरूप लक्षात येईल.

ब्रिटनच्या नियमांनुसार १८ वर्षांखालील मुलाला मिळणारा पर्यटक व्हिसा 'प्रौढासोबत' किंवा 'एकटे' असा निर्देश असलेला असतो. 'प्रौढासोबत'च्या व्हिसामध्ये त्या प्रौढाची ओळख नोंदविलेली असते. अर्जात आजोबांचे नाव दिले आणि ऐन वेळी त्यांची प्रकृती बिघडली म्हणून मावशी निघाली, तर सीमेवर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. प्रत्यक्ष कोण जाणार हे अर्ज करतानाच पक्के ठरवावे, ते यासाठी.

युरोपातील शेंजेन देशांच्या व्हिसासाठी मूल आई-वडिलांशिवाय जाणार असेल, तर त्यांची संमती मागितली जाते. त्या देशांच्या सामाईक सीमासंहितेत बालकांविषयी स्वतंत्र तरतूद आहे. मूल प्रौढासोबत असो वा एकटे, त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे आणि सोबतच्या व्यक्तीला त्याच्यावर पालकत्वाचा अधिकार आहे का, हे पाहावे, असे तीत सांगितले आहे. एकाच प्रौढासोबत मूल असेल आणि संशयाला सबळ कारण असेल, तर अधिक खोलात चौकशी करण्याचीही सूचना आहे.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण बोलके आहे. तस्करीला आळा घालण्यासाठी त्या देशाने जून २०१५ पासून प्रत्येक बालकासाठी आई-वडील दोघांची नावे असलेला सविस्तर जन्मदाखला सक्तीचा केला. कागद अपुरे म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे विमानतळावरून परत फिरली आणि पर्यटन व्यवसायाने मोठी ओरड केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आई-वडिलांसोबत येणाऱ्या परदेशी मुलांसाठी हे नियम सैल करण्यात आले. आई-वडिलांव्यतिरिक्त कोणासोबत येणाऱ्या मुलांना मात्र ती सवलत मिळाली नाही. त्यांच्यासाठी जन्मदाखला, संमती आणि आई-वडिलांच्या ओळखपत्रांच्या प्रती यांची गरज कायम राहिली.

फिलिपिन्समध्ये आई-वडिलांशिवाय येणाऱ्या १५ वर्षांखालील परदेशी मुलाला प्रवेशासाठी वेगळी सूट मंजूर करून घ्यावी लागते. त्यासाठी संमतीचे प्रतिज्ञापत्र आणि शुल्क लागते. अमेरिकेत संमतिपत्र कायद्याने अनिवार्य नाही, परंतु तेथील सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभाग इंग्रजीतील, नोटरी केलेले पत्र जवळ बाळगण्याचा आग्रही सल्ला देतो. कॅनडाही आई-वडिलांची सही असलेले, शक्यतो इंग्रजी वा फ्रेंचमधील पत्र मागतो.

तिकीट, व्हिसा आणि विमा

मुलाचे तिकीट सोबतच्या प्रौढाच्या तिकिटासोबत एकाच आरक्षणात काढावे. आई-वडिलांनी आपल्या खात्यातून मुलाचे तिकीट स्वतंत्रपणे काढले, तर विमान कंपनीच्या यंत्रणेत ते मूल एकटे प्रवास करणारे दिसते. मग ऐन वेळी खिडकीवर खुलासे करावे लागतात. एकट्या मुलांना नेण्याची सशुल्क सेवा बऱ्याच कंपन्या साधारणतः ५ ते ११ वर्षे वयोगटासाठी देतात. तिचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात. दोन वर्षांखालील तान्हे मूल मांडीवर नेता येते, पण एका प्रौढामागे एकच.

प्रवासविम्याच्या 'कौटुंबिक' योजनेत बहुधा स्वतःचा जोडीदार आणि स्वतःची मुले यांचाच समावेश असतो. भाच्याला त्यात गृहीत धरू नये. त्याची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी आणि तिची प्रत आई-वडिलांकडेही ठेवावी.

मूल आजारी पडले तर

जीव धोक्यात असेल तर डॉक्टर संमतीची वाट पाहत थांबत नाहीत. अडचण येते ती मधल्या प्रसंगांत. हाड मोडले आहे, भूल द्यावी लागेल, एखादी तपासणी करायची आहे, अशा वेळी रुग्णालय पालकाची संमती मागते आणि मावशी ही पालक नसते. संमतिपत्रातील उपचारांविषयीचे वाक्य इथे उपयोगी पडते. ते वेगळ्या कागदावर असले तर अधिक सोयीचे. त्यासोबत मुलाचा रक्तगट, वजन, पूर्वीचे आजार, कोणत्या औषधाची किंवा पदार्थाची ॲलर्जी आहे, लसीकरणाची नोंद आणि नेहमीच्या डॉक्टरांचा दूरध्वनी, अशी एक पानी टिपण ठेवावी. आईला हे सारे तोंडपाठ असते, पण भारतात मध्यरात्र असताना तिचा फोन लागेलच असे नाही.

औषधांबाबतही सावध असावे. घरच्या डब्यातली सर्दी-खोकल्याची बाटली सर्वत्र चालतेच असे नाही. कोडीन असलेल्या औषधांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक निर्बंध आहेत. स्युडोएफेड्रिनचे प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेली औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत. औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे.

परदेशी जन्मलेले नातवंड

हाच प्रवास उलट्या दिशेनेही होतो. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेले आजी-आजोबा परतताना काही महिन्यांचे नातवंड सोबत घेऊन येतात. आई-वडिलांच्या नोकऱ्या सावरेपर्यंत ते पुण्यात किंवा नाशिकला वाढते. असे मूल अमेरिकी नागरिक असल्यास त्याला भारतात येण्यासाठी व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. अमेरिकेत परत जाताना अमेरिकी पासपोर्टच दाखवावा लागतो. १६ वर्षांखालील मुलांना तो पाच वर्षांसाठीच मिळतो. आजीकडे असताना त्याची मुदत संपली, तर नव्या पासपोर्टसाठी आई-वडील दोघांच्या संमतीची पूर्तता आजी-आजोबांना येथील अमेरिकी वाणिज्य दूतावासात करावी लागते. मूल इथे ठेवतानाच ही कागदपत्रे तयार करून घेणे शहाणपणाचे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या १६ वर्षांखालील मुलाला पालकत्वाचा अधिकार असलेल्या सर्वांच्या संमतीविना देशाबाहेर नेणे हा १९८४ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. फ्रान्समध्ये राहणारे मूल आई किंवा वडील यांच्याशिवाय देशाबाहेर निघणार असेल, तर १५ जानेवारी २०१७ पासून पालकाच्या सहीचा ठरावीक अनुमतिपत्राचा नमुना पुन्हा सक्तीचा आहे. पॅरिसहून नातीला गणपतीसाठी घरी आणणाऱ्या आजोबांनाही तो लागतो.

अधिकाऱ्यासमोर

सीमेवरचा अधिकारी मुलाशी थेट बोलू शकतो. प्रसंगी मोठ्यांपासून थोडे बाजूला घेऊनही बोलतो. 'कोणासोबत आलास?', 'आई-बाबा कुठे आहेत?', 'कोणाकडे राहणार?', 'परत केव्हा जाणार?' असे साधे प्रश्न असतात. मुलाला पढवून ठेवलेली उत्तरे लगेच ओळखू येतात आणि संशय वाढवितात. त्यापेक्षा प्रवास कोठे, कोणासोबत आणि किती दिवसांचा आहे, हे मुलाला आधीच नीट सांगावे. आजीला 'आई' म्हणण्याची सवय असेल, तर आजी आणि आई या वेगळ्या हे अधिकाऱ्याला कसे सांगायचे, तेही खेळता खेळता समजावून द्यावे. आई-वडिलांचे पूर्ण नाव आणि देशाच्या क्रमांकासह दूरध्वनी मोठ्या मुलांच्या तोंडी असावा, लहानांच्या खिशात चिठ्ठी असावी.

मोठ्यांनी मात्र एक मोह कटाक्षाने टाळावा. रांग वाचविण्यासाठी 'माझाच मुलगा आहे' असे सांगून टाकण्याचा. भावना खरी असली तरी ते विधान खोटे असते आणि पासपोर्टवर ते क्षणात उघडे पडते. एकदा खोटे आढळले, की पुढचे खरे कागदही संशयाने पाहिले जातात. संमतिपत्र हातातल्या पिशवीत, वर ठेवावे. विमानाच्या पोटात गेलेल्या सामानातला कागद असून नसल्यासारखाच. आई-वडिलांनीही त्या वेळी फोनवर उपलब्ध राहावे, मग तिकडच्या घड्याळात पहाटेचे तीन का वाजलेले असेनात.

आई-वडिलांत मतभेद असतील तर

या विषयाचा सर्वांत अवघड भाग येथे आहे. 'वडिलांची सही मिळणार नाही, पण तुम्ही आजी आहात, तुम्हाला कोण विचारते? तुम्ही फक्त नातीला घेऊन या' अशी गळ मुलगी आईला घालते, किंवा मुलगा आपल्या वडिलांना. त्या मागणीमागे छळ असू शकतो, भीती असू शकते, नुसता सूडही असू शकतो. आजी-आजोबांना आपल्याच लेकराची बाजू दिसते. परंतु मूल ज्या देशात राहते तेथील कायद्यानुसार आजीच आरोपी होऊ शकते आणि मूल दोन न्यायालयांच्या मध्ये वर्षानुवर्षे अडकून पडते. अत्याचार होत असेल तर त्याचा मार्ग तेथील पोलीस, न्यायालय आणि भारतीय दूतावास यांच्याकडे जातो. विमानतळावरून चुपचाप निघून येणे हा तो मार्ग नव्हे. दोघांपैकी एकाची सही नसेल आणि ती का नाही याचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर वकिलाच्या सल्ल्याशिवाय नातेवाइकाने ही जबाबदारी स्वीकारू नये. त्यासाठी रोष पत्करावा लागला तरी चालेल.

आपल्या समाजात मूल साऱ्या घराचे असते आणि ही आपल्याकडची फार मोठी संपत्ती आहे. जन्मदात्यांकडे संमतीचा कागद मागणे म्हणूनच अनेकांना परकेपणाचे वाटते. 'सख्ख्या बहिणीकडून सही घ्यायची?' हा प्रश्न ओशाळून विचारला जातो. पण तो कागद बहिणीवरच्या अविश्वासाचा नसतो. हजारो मैलांवरच्या खिडकीत बसलेल्या अनोळखी माणसाला त्या मुलाचे आई-वडील काय म्हणाले, हे कळावे म्हणून तो असतो. ज्या दिवशी खरोखरच एखादे मूल चुकीच्या हाताला धरून त्या खिडकीपाशी उभे असेल, त्या दिवशी त्याच अधिकाऱ्याचा तोच प्रश्न त्याला वाचविणारा असतो. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी संमतिपत्राचा मसुदा करावा, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि मग निर्धास्तपणे मामाच्या गावाला निघावे.